बर्फाच्या पाण्यातला हात

जया मारबते आरमोरीला तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभं राहिलं तेवढ्याचंच मानधन, उन्हाळाभर घरी बसायचं आणि कॉलेज उघडायच्या वेळी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. मुलाखत घेणारे तेच, खुर्च्या त्याच. त्यातले एक गृहस्थ दरवर्षी विचारायचे, "मॅडम, शिकवण्याचा अनुभव आहे ना?" आणि जया दरवर्षी म्हणायची, "आहे सर." पूर्वी बाहेर आल्यावर तिला राग यायचा. पुढं पुढं हसू यायला लागलं. चाळिशी उलटली तसं दोन्ही यायचं थांबलं.

तिचं माहेर आरमोरीपासून जवळच, वैनगंगेच्या काठाला. वडील बापूजी नदीत आणि गावच्या तलावात मासे धरायचे, आई गोकुळा ते टोपलीत घेऊन दारोदार विकायची. घरात शिकलेलं कुणी नव्हतं, पण जयाला कुणी अडवलंही नाही. नागपूरला एम.ए.ला तिनं मानसशास्त्र घेतलं ते काही मोठं ठरवून नव्हे. त्या विषयाला गर्दी कमी होती आणि प्रवेश लवकर मिळत होता. शेवटच्या वर्षाला असताना गोकुळाच्या पोटात गाठ निघाली. गडचिरोलीचा दवाखाना झाला, नागपूरचा झाला, मग डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. घरी खाटेवर ती रात्रंदिवस कण्हायची. जया जवळ बसून हात धरायची तेव्हा तेवढ्यापुरतं कण्हणं उतरायचं.

"तू जवळ असली का दुखत नाई वं पोरी," गोकुळा म्हणायची.

आई गेल्यावर जया परीक्षेला बसली. अभ्यास करता करता पुस्तकात तिला एक प्रयोग सापडला. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात फार वर्षांपूर्वी झालेला. काही लोकांना आपलं जिवलग माणूस डोळ्यांपुढं आणायला सांगितलं, काहींना नुसता बाजाराचा रस्ता. मग सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावला. ज्यांनी माणूस आठवलं होतं त्यांनी हात जास्त वेळ ठेवला, असं त्यात लिहिलं होतं. जयानं ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आईचं बोलणंच कुणीतरी छापून ठेवल्यासारखं तिला वाटलं.

पुढं ती स्वतः शिकवायला लागली तेव्हा हा प्रयोग तिच्या आवडीचा झाला. इतर वेळी पोरं खिडकीबाहेर बघायची, पण बर्फाचं पाणी म्हटलं की माना वळायच्या. आणि पीएच.डी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिनं दुसरा कुठला विचारही केला नाही. रोवणी करणाऱ्या बायांचं दुखणं आणि आपल्या माणसांची आठवण, असा तिचा विषय. भाताचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, लावायला दिवस दिवस चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाया. त्यांच्याइतकं सोसणारं दुसरं कोण होतं?

माहेरच्या गावात रोवणीच्या बायांची टोळी चालवायची ती गुणाबाई. तिनं आपल्या बाया गोळा करून दिल्या. समाजमंदिरात बसून जयानं एकेकीचा हात पाण्यात घालून घेतला, समोर घड्याळ धरून वेळ मोजली. निकाल असा सुंदर आला की नागपूरचे तिचे गाईड, डॉक्टर प्रफुल डोर्लीकर, चष्मा काढून म्हणाले, "जया, हे तर पुस्तकापेक्षाही चांगलं आलं!"

त्यानंतर प्रबंध रेंगाळला. सासूचं आजारपण, मुलीची दहावी, कॉलेजातली फुकटची कामं. नवरा अमर घुग्घुसला कोळशाच्या खाणीवर कंत्राटदाराचा डंपर चालवायचा. तिथंच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा तो खोकत यायचा, आल्यावर झोपायचा. घर जयाच्या अंगावर होतं. प्रबंधाची प्रकरणं एक एक करून लिहून होत आली होती, राहिला होता तो शेवटचा हात.

अशातच तिला एका जगभरच्या प्रयोगाची माहिती मिळाली. कुठल्याशा ऑनलाइन कार्यशाळेत एकानं सांगितलं की मानसशास्त्रातले पुष्कळ जुने प्रयोग पुन्हा करून पाहिले तर तसे येत नाहीत. थोडक्या माणसांवर, एकाच गावात, एकाच माणसानं केलेले असतात. म्हणून आता देशोदेशीच्या प्रयोगशाळा एकत्र येतात, एकच प्रयोग सगळीकडे एकाच रीतीनं करतात, आणि सगळ्यांची माहिती एकत्र करून मग काय ते ठरवतात. पुढच्या खेपेला ज्या प्रयोगांची पाळी होती त्यांत जयाचा बर्फाच्या पाण्याचा प्रयोग होता. मोठ्या शहरांबाहेरच्या लोकांना त्यांनी आवर्जून बोलावलं होतं.

जयानं त्याच आठवड्यात अर्ज केला. तिच्या मनात शंका नव्हती. उलट तिला वाटलं, जगानं मिळून हे सिद्ध केलं की आपल्या प्रबंधाला केवढा आधार मिळेल.

तिचा अर्ज मंजूर झाला. गटाचं काम बघणारी लुसिया नावाची ब्राझीलची बाई होती. तिचं इंग्रजी जयाच्या इंग्रजीसारखंच अडखळत चालायचं, त्यामुळं दोघींचं जमलं. सकाळी कॉलेजला निघायच्या आधी जया स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून मीटिंगला बसायची. पडद्यावर तुर्कस्तानचे, पोलंडचे, नायजेरियाचे चेहरे असायचे, आणि कुकरची शिटी झाली की ते सगळे एकदम दचकायचे.

नियम फार कडक होते. काय मोजायचं, कसं मोजायचं, कुणाला वगळायचं, सगळं आधीच लिहून जाहीर करून ठेवलेलं. नंतर त्यात काडीचा बदल नाही. सूचना मराठीत करायच्या, मग त्या दुसऱ्या कुणीतरी परत इंग्रजीत करून पाहायच्या. पाणी किती थंड ते ठरलेलं. आधी प्रयोग केलेलं माणूस पुन्हा घ्यायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, जो वेळ मोजतो त्याला समोरच्या माणसानं काय आठवलं आहे ते कळता कामा नये. त्यासाठी दोन माणसं हवीत, दोन खोल्या हव्यात.

माणूस मिळालं ते करिष्मा. गृहअर्थशास्त्र शिकवायची, तीही तासिकेवरच. "मले काय मिळन यातून?" तिनं विचारलं.

"छापून येईल त्यात नाव येईल."

"बरं. नाव तरी येऊ दे," करिष्मा म्हणाली आणि आली.

खोल्या मिळाल्या त्या खेळाचं मोडकं सामान ठेवायच्या. जाळ्या, वाकलेले भाले, फाटक्या गाद्या बाहेर काढून दोघींनी त्या झाडल्या. बर्फ मासळी बाजारातल्या नथ्थूकडून यायचा. बापूजींची ओळख म्हणून तो थर्माकोलच्या पेटीत भरून द्यायचा. त्या बर्फाला मासळीचा वास यायचा. करिष्मा नाक धरायची, जयाला काही वाटायचं नाही. त्या वासात ती वाढली होती.

काम सुरू झालं ते उन्हाळ्यात, रोवणीच्या आधी, बाया मोकळ्या असतात म्हणून. ऊन असं की डांबर पायाला चिकटायचं. वीज गेली की पंखा बंद, कॉम्प्युटर बंद, बर्फ मात्र वितळत राहायचा. तो वितळला की पाण्याचं तापमान चढायचं आणि त्या दिवसाचं काम वाया. कधी जंगलाकडच्या गावात वाघ दिसला म्हणून बाया यायच्याच नाहीत, कधी हत्तींचा कळप रस्त्यावर म्हणून ऑटो निघायचा नाही. जया संध्याकाळी घरी येऊन भात-वरण टाकायची आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहायची. मुलगी म्हणायची, "आई, वरण उतू चाललं."

रीत अशी होती. बाई आधी करिष्माच्या खोलीत जायची. तिथं बंद पाकिटातून चिठ्ठी निघायची, जिवलग माणूस किंवा बाजाराचा रस्ता. करिष्मा त्याप्रमाणे तिला डोळे मिटून आठवायला लावायची. मग बाई जयाच्या खोलीत यायची, पाण्यात हात घालायची. नको झालं की केव्हाही काढायला मोकळी. जयानं पडद्याआड बसायचं, बोलायचं नाही, फक्त वेळ मोजायची.

एकदा करिष्मा मध्येच दार उघडून बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता. "जया, तू ये. मले नाई जमत."

आत जंगलाकडच्या गावाची एक बाई बसली होती. तिचा मुलगा चैतू मिरची तोडायला तेलंगणात गेला होता आणि तिकडेच वारला होता. चिठ्ठीत जिवलग माणूस निघालं होतं. बाईनं डोळे मिटले आणि तिला रडू आवरेना. जया तिच्याजवळ खाली बसली. करिष्मानं चहा आणला. बाईनं तो पदरात कप धरून प्यायला, डोळे पुसले आणि विचारलं, "आता पाण्यात हात घालू का बाई? इतक्या दुरून आली मी. काम त पुरं होऊ द्या."

"नको माय. राहू द्या," जया म्हणाली.

नियमाप्रमाणे तिची माहिती धरायची नव्हती, वगळण्याचं कारण तेवढं लिहायचं होतं. जयानं लिहिलं, 'सहभागी व्यक्ती रडली.' वाक्य इंग्रजीत फारच छोटं दिसलं. पण दुसरं काय लिहायचं ते तिला सुचलं नाही.

गुणाबाई आपल्या ओळखीच्या गावांतून नव्या बाया घेऊन यायची. तिच्या स्वतःच्या टोळीच्या बाया या वेळी चालत नव्हत्या, त्यांचा प्रयोग आधी झालेला. ती बाहेर ओसरीवर तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळवत बसायची. एका दुपारी काम आटोपल्यावर जया तिच्याशेजारी टेकली.

"मले नाई बसवत या येळेस?" गुणाबाईनं विचारलं.

"एकदा केलेलं माणूस चालत नाही गुणाबाई."

"त्या येळेस त म्या लय ठेवला होता हात. बधिर झाला होता बाप्पा. घरी जाऊन चुलीपाशी शेकला."

जया हसली. "कोणाले आठवलं होतं तुमी? पोराले?"

"कोणाले आठवतं व! हात ठणकत असल्यावर पोरगं कुठी आठवते? तू समोर बसून माह्याकडं पाहून राह्यली होती ना. म्हटलं, गोकुळाची पोरगी हाय, बिचारी शिकून राह्यली, तिचं काम बिघडू नये. म्हणून ठेवला."

जयाचं हसू तसंच राहिलं. "आणि ज्यांनी लवकर काढला त्या?"

"त्याइले तू बाजाराचा रस्ता सांगितला होता का नाई? तवा तू घड्याळीतच पाहत होती. टोळीतली सोमी म्हणे, जयाले घाई दिसते, आन् काढून घेतला तिनं." गुणाबाई उठली, लुगडं झटकलं. "ह्या बाया त तुले ओळखतबी नाई. याइले काय पडलं! चाल, ऑटोवाला बोंबलून राह्यला."

ऑटो गेला. जया ओसरीवर बसून राहिली. समाजमंदिरातले ते दिवस तिला आठवले. कुणाच्या वाट्याला काय आलं ते तिला तेव्हा पक्कं माहीत असायचं. आपल्या माणसांना आठवणाऱ्या बायांपुढं ती पुढं वाकून बसायची, मान हलवायची. कुणाला तर ती 'अजून थोडं' म्हणालीही असेल. मुद्दाम नाही. पण बाजाराच्या रस्त्यावाल्यांना तसं म्हटल्याचं काही तिला आठवेना.

ती घरी गेली, स्वयंपाक केला, जेवली. कुणाला काही सांगितलं नाही.

उरलेलं काम ठरल्याप्रमाणे पार पडलं. माहिती पाठवून झाली. एकत्र निकाल लागेपर्यंत कुणालाच काही कळणार नव्हतं, आणि जयाला ते बरंच वाटलं. पावसाळा गेला, धान कापून झालं. त्याच सुमारास कॉलेजात मानसशास्त्राची पूर्णवेळ जागा भरायची परवानगी आली. कित्येक वर्षांनी आली होती. जया दोन वेळा नेटच्या परीक्षेत थोडक्यात हुकलेली, त्यामुळं तिला पीएच.डी.शिवाय वाट नव्हती. डोर्लीकर सरांचा फोन आला. "जया, आता दम धरू नकोस. प्रबंध जमा कर. मी बाकीचं पाहून घेतो."

आणि नेमका तेव्हा निकाल आला.

लुसियानं सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितला. एवढ्या देशांतल्या एवढ्या माणसांनी बर्फात हात घातला होता आणि जिवलग माणूस आठवणाऱ्यांत आणि बाजाराचा रस्ता आठवणाऱ्यांत फरक काहीच नव्हता. आरमोरीतही नव्हता. काही ठिकाणी तर उलटाच होता. मग एकानं आकडेमोडीचं काही विचारलं, दुसऱ्यानं उत्तर दिलं आणि लोक एक एक करून निघून गेले. जया आणि लुसिया दोघीच पडद्यावर राहिल्या.

"मी हे वर्षानुवर्षं शिकवलं," लुसिया म्हणाली. "माझ्या प्रोफेसरांचं तर सगळं आयुष्यच यावर उभं आहे. ते आता माझ्याशी बोलत नाहीत."

"माझा प्रबंध आहे यावर," जया म्हणाली.

लुसियानं नुसती मान हलवली. जयाच्या घरी दूधवाला आला होता, तिनं रजा घेतली.

त्या सुट्टीला अमर आला. अंगण झाडल्यावर भांडी घासायला बसलेल्या जयानं त्याला सगळं सांगितलं. तो खाटेवर बसून ऐकत होता.

"म्हणजे तुह्यं खोटं निघालं?"

"खोटं नाही. मी लबाडी नाही केली. पण जे मोजलं ते वेगळंच मोजलं. बायांनी माझ्यासाठी हात ठेवला."

"मंग ठेवला त ठेवला. कोणाले समजते? तू जमा करून टाक ना. जागा भेटन, मी त्या धुळीतून मोकळा होईन." त्याला खोकला आला. खोकला सरल्यावर तो हळू म्हणाला, "तुले सांगून नाई राह्यलो मी. आपलं म्हटलं."

जयानं नळ बंद केला. त्याच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तिनंही तेच स्वतःला म्हणून पाहिलं होतं. जगभरात असे कितीतरी प्रबंध पडून आहेत, त्यात एकाची भर. कुणाचं काय बिघडणार?

ती नागपूरला सरांकडे गेली. डोर्लीकर सर निवृत्तीला आले होते. टेबलावर प्रबंधांचे ढीग, बाजूला रक्तदाबाच्या गोळ्या. वाईट माणूस नव्हता. जयाच्या सासूच्या आजारपणात त्यांनीच मुदतवाढीसाठी खेटे घातले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ, तुझा अभ्यास आधीचा आहे. तो झाला तेव्हाच्या माहितीवर बरोबर आहे. या नव्याचा उल्लेख करायचं कारणच नाही."

"पण सर, त्या नव्यात मी स्वतः आहे. माझं नाव येणार आहे त्यात."

"येऊ दे की. कोण शोधायला बसलंय?"

"आणि समजा उल्लेख केला तर?"

"तर तपासणारा विचारेल, मग तुमच्या प्रबंधात उरलं काय?" सरांनी पाण्याचा घोट घेतला. "जया, मी पुढच्या वर्षी इथं नसेन. मी तुला इतकं ओढत आणलं. शेवटच्या पायरीवर बसू नकोस."

जया हो म्हणून परत आली. शेवटचं प्रकरण उघडलं, निष्कर्ष लिहायला बसली. रोज बसायची. पहिलं वाक्य तयार होतं, 'प्रस्तुत अभ्यासातून असे दिसून येते की'. त्याच्या पुढं हात जायचा नाही. हे काही सत्याचं मोठं तेज तिच्या अंगी चढलं होतं असं नव्हे. खोटं पेलायलाही अंगात बळ लागतं, पुढं जन्मभर ते सांभाळावं लागतं, आणि जयाकडं तेवढं उरलं नव्हतं. वर्गात कुणी विचारलं, कुठल्या सभेत कुणी विचारलं, की दर वेळी आठवून आठवून तेच सांगायचं. त्या विचारानंच तिला थकवा यायचा.

प्रबंध जमा करायची मुदत टळली. तिनं सरांना फोन केला. "सर, मी जमा नाही करत. विषय बदलून पुन्हा नोंदणी मागते."

"तुझी मर्जी," ते म्हणाले. फोन ठेवायच्या आधी त्यांनी मुलीची चौकशी केली.

जागेवर चंद्रपूरचा रोशन नावाचा तरुण लागला. जया त्याच्यावर खार खाऊन होती, पण तो शहाणा निघाला. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं, "मॅडम, ते वेळ मोजणाऱ्याला काही कळू न देण्याचं कसं केलं होतं तुमी? मले दाखवाल?" तिनं दाखवलं. नंतर मात्र शिक्षककक्षात त्याच्यासाठी नवं कपाट आलं, त्याच्यावर त्याचं नाव लागलं, तेव्हा तिला चक्क ताप चढला आणि ती दोन दिवस गेली नाही.

पुढं त्या जगभरच्या प्रयोगाचा लेख छापून आला. नावांची यादीच कितीतरी पानं. मारबते आणि त्या नावाच्या पुढं-मागं अनोळखी, उच्चार न करता येणारी नावं. करिष्मानं आपलं नाव मोठं करून मोबाइलवर ठेवलं. जया माहेरी गेली तेव्हा तिनं बापूजींना दाखवलं. त्यांना आता कमी दिसायचं. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"एवढ्या दुनियेच्या लोकाईनं मिळून केलं?"

"हो बाबा."

"काय सापडलं मंग?"

"आपलं माणूस आठवलं की दुखणं कमी होते म्हणत होते ना, ते तसं काही होत नाही."

बापूजींनी मोबाइल परत दिला. "एवढा बर्फ वाया गेला म्हणजे. नथ्थू मले म्हणतच होता."

आईचं जयाला त्या वेळी विचारावंसं वाटलं. आई खरंच म्हणायची ना बाबा, दुखत नाही म्हणून? पण मग तिच्याच लक्षात आलं की ते तर खरंच होतं, आई म्हणायची. दुखत होतं की नव्हतं, की पोरीला बरं वाटावं म्हणून ती कण्हणं गिळायची, हे आता जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा एकत्र आल्या तरी सांगणार नव्हत्या. ती उठली आणि वडिलांना भात वाढला.

नव्या विषयासाठी विद्यापीठात तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं. नवे गाईड, नवी नोंदणी, समितीपुढं सादरीकरण. या वेळचा विषय होता मोजणाऱ्या माणसाच्या असण्यानं मोजलेल्यावर काय परिणाम होतो, हा. समितीतल्या एकीनं विचारलं, "या वयात इतकं लांबचं काम घेताय?" जया म्हणाली, "हो मॅडम." विषय मंजूर झाला.

परतीची एस.टी. भरलेली होती. भिवापूरला जागा मिळाली, खिडकीची. नागभीड कधी आलं तिला कळलं नाही. ब्रह्मपुरीला कुणीतरी भाजीची पिशवी तिच्या पायाशी ठेवली तेवढी जाणवली. जाग आली ती कंडक्टरच्या आवाजानं.

"बाई, उतरत नाई का? गडचिरोली आली."

"मले आरमोरीला उतरायचं होतं."

"आरमोरी त केव्हाचीच मागं राह्यली. म्या आवाज देल्ला, तुमी घोरत होत्या."

सगळे उतारू हसले. जया उतरली. गडचिरोलीच्या स्टँडवर संध्याकाळची गर्दी होती, पोरं कॉलेजातून गावाकडं परत निघाली होती. आरमोरीकडची गाडी फलाटाला लागायची होती. तिनं चहा घेतला आणि अमरला फोन लावला. त्याची पाळी नुकतीच सुटली होती, मागं ट्रकचे भोंगे वाजत होते.

"झालं का तुह्यं?"

"झालं. मंजूर झालं. पण मी झोपली आणि गडचिरोलीला आली."

अमर हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. "मंग आता?"

"आता काय, मागं जातो," जया म्हणाली. चहाचा कप ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि गाडीच्या पाटीकडं बघत उभी राहिली.